हृदयदुरुस्तीचे संशोधन : मूलपेशींपासून जेलपर्यंत (इ.स. २००१ ते २०१९)

हृदयविकाराच्या झटक्यात मृत झालेल्या स्नायूच्या जागी व्रण उरतो व हृदयाची आकुंचनशक्ती घटते. अमेरिकेतील पिएरो अन्व्हर्सा यांच्या गटाने २००१ मध्ये उंदरांच्या हृदयात अस्थिमज्जेतील मूलपेशी टोचून नवा स्नायू निर्माण झाल्याचा दावा केला. पाठोपाठ रुग्णांवरही चाचण्या सुरू झाल्या.

परंतु २००४ मध्ये दोन अन्य गटांना या पेशींचे हृदयस्नायूत रूपांतर झाल्याचे आढळले नाही. पुढे २०१८ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूलने अन्व्हर्सा यांच्या तेथील प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध बनावट माहितीच्या कारणावरून मागे घेण्याची शिफारस केली.

दरम्यान, टोचलेल्या बहुतेक पेशी धडधडत्या हृदयात टिकत नाहीत, हेही स्पष्ट झाले होते. त्यामुळे आधार देणाऱ्या जेलकडे संशोधकांचे लक्ष वळले. सॅन डिएगो येथील कॅरन क्रिस्टमन यांनी डुकराच्या हृदयस्नायूतील पेशी काढून उरलेल्या जाळीपासून जेल तयार केले. १५ रुग्णांवरील त्याच्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ती मुख्यतः सुरक्षिततेची चाचणी होती. गुणकारिता सिद्ध करण्याइतकी ती मोठी नव्हती.

सारांश, या इतिहासात आशा पुराव्याच्या पुढे धावली आणि तिची जोखीम रुग्णांनी पत्करली. म्हणूनच पहिल्या दाव्याइतकेच त्याच्या स्वतंत्र पडताळणीलाही महत्त्व द्यावे लागते.