कोठारांचा हिशेब

एका कोठारांत धान्य किती आहे हें जाणणें सोपें असतें. दार उघडावें आणि मोजून घ्यावें. परंतु कोठारें अनेक झालीं, तीं दूरदूरच्या गांवीं पसरलीं आणि त्यांतील माल रोज हालूं लागला, म्हणजे सर्वांचा मिळून एक खरा आंकडा हातीं ठेवणें हें मोठें कठीण काम होऊन बसतें. हें काम मनुष्यानें कसकसें केलें, याचा इतिहास, श्रोतेहो, भंडारा जिल्ह्याच्या धानाच्या निमित्तानें आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

हा विचार आपणांकडे जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोष्ठागाराध्यक्ष या अधिकाऱ्यावर स्वतंत्र अध्याय आहे. अर्धा साठा प्रजेच्या आपत्काळासाठीं राखावा, अर्धा उपयोगांत आणावा आणि जुन्याच्या जागीं नवा माल भरावा, असा तेथील दंडक. जें आधीं आलें तें आधीं बाहेर जावें, हा आजच्या गोदामांतला नियम त्याहून निराळा नाहीं.

भंडाऱ्याकडे कोहळी समाजानें बांधलेल्या तलावांच्या पाण्यावर पिढ्यान् पिढ्या धान पिकत आलें. तें पायली, कुडव, खंडी या मापांनीं मोजून बांबूच्या, शेणमातीनें लिंपलेल्या कणगींत भरावयाचें, आणि त्याचा हिशेब घरच्या कर्त्या माणसाच्या ध्यानांत राहावयाचा. कोठार एक, धनी एक. तेव्हां वहीची गरज फारशी नसे. १८८० नंतरच्या दशकांत नागपूरहून छत्तीसगडाकडे आगगाडी जाऊं लागली आणि तुमसरसारख्या बाजारपेठांतून धान-तांदूळ परमुलखीं जाण्याची वाट सुलभ झाली. मग एकाच पिकाचा कांहीं भाग शेतकऱ्याच्या घरीं, कांहीं व्यापाऱ्याच्या वखारींत आणि कांहीं आगगाडीच्या डब्यांत, अशी विभागणी होऊं लागली. सगळ्यांचा मेळ घालणारा मात्र कोणी नव्हता.

त्याची किंमत १९४३ सालीं बंगालनें दिली. त्या दुष्काळांत सुमारें १५ लक्ष माणसें दगावलीं, असा सरकारी चौकशी मंडळाचा अंदाज होता. पुढील अभ्यासकांचे अंदाज याहून पुष्कळच मोठे आहेत. त्या अनर्थाला युद्ध, महागाई व सरकारी धोरण अशीं अनेक कारणें होतीं. परंतु कोणापाशीं किती धान्य आहे याचा विश्वसनीय आंकडा सरकारजवळ नसणें हेंही त्यांत होतें. त्याच वर्षीं २ मे रोजीं मुंबईंत शिधावाटप सुरू झालें आणि धान्यधोरण समितीनें ५ लक्ष टनांचा मध्यवर्ती साठा राखण्याची शिफारस केली. सरकारला स्वतःच कोठीवाला व्हावें लागलें. पुढें १९५७ सालीं राज्याचें वखार महामंडळ व १९६५ सालीं भारतीय अन्न महामंडळ स्थापन झालें. गोदामें वाढलीं, तसे आवक-जावकीचे खातेही वाढले. परंतु कागदावरचा गोषवारा वरच्या कचेरींत पोंचे तोंपर्यंत खालीं माल हालून गेलेला असे.

आतां आजच्या भंडाऱ्याकडे वळूं. येथील शेतकरी सातबारा दाखवून संगणकावर नांव नोंदवितो आणि पणन महासंघाच्या वतीनें चालणाऱ्या खरेदी केंद्रावर धान घालतो. २०२५-२६ च्या हंगामांत साधारण धानाचा आधारभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. केंद्रावरून धान गोदामांत, तेथून भातगिरणींत, गिरणींतून तांदूळ होऊन सरकारी गोदामांत आणि शेवटीं रास्त भावाच्या दुकानांत जातो. या वाटेवर माल नुसता हालत नाहीं, तर बदलतो. सरकारी प्रमाणानें १०० क्विंटल धानाचा ६७ क्विंटल तांदूळ जमा व्हावा लागतो. शिवाय १७ टक्के ओलाव्याचें १०० क्विंटल धान वाळून १४ टक्क्यांवर आलें, तर वजन साडेशहाण्णव क्विंटलच भरतें. साडेतीन क्विंटल नुसतें पाणी उडून जातें. अशा वेळीं घट कोणती आणि चोरी कोणती, हें ठरवावयाचें कसें?

येथें सॉफ्टवेअर उपयोगीं पडतें. केंद्र सरकारनें २०१२ सालीं वितरणव्यवस्थेच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली, तींत शिधापत्रिकांबरोबर धान्याचा साठा व वाहतूक यांच्या नोंदीही आल्या. तिचें मर्म सोपें आहे. प्रत्येक गोदामाचें निराळें खातें असतें, आणि वाटेवरच्या मालाचेंही एक खातें धरावयाचें असतें. पोतें एका दारांतून निघालें कीं तें वाटेच्या खात्यावर चढतें. दुसऱ्या दारीं वजन होऊन उतरलें कीं तेथून कमी होतें. हें खातें नसलें, तर तेंच पोतें दोनदां मोजलें जातें किंवा कोठेंच मोजलें जात नाहीं. ओलाव्याची नोंद प्रत्येक दारीं झाली, तर खरी घट आपोआप निराळी काढतां येते.

परंतु यंत्राला दिसतें तें आपण सांगितलेलेंच. वजनकांट्यावर चुकीचा आंकडा लिहिला, तर तो क्षणांत सर्वत्र पसरेल, इतकाच फरक. म्हणून ठराविक मुदतीनें थप्प्या प्रत्यक्ष मोजून पाहणें टळत नाहीं. दुसरी गोष्ट जागेची. गिरण्यांनीं धान वेळेवर उचललें नाहीं, तर गोदामें तुडुंब भरतात आणि नवें धान ताडपत्रीखालीं उघड्यावर पडून राहतें; एका अवकाळी पावसानें त्याला मोड येतात. कोणतें गोदाम भरत आलें आहे, हें संगणक आठ दिवस आधीं दाखवूं शकतो. तेथील माल हालविण्याचा हुकूम मात्र माणसानेंच द्यावयाचा असतो, आणि तो पाऊस येण्यापूर्वीं द्यावयाचा असतो.