धुरजड, उलाळ आणि चौऱ्याहत्तर चाके

मलिक-ए-मैदान ही तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली. वजन सुमारे 55 टन. निजामशाहीच्या परंडा किल्ल्यातून आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने ती 1632 मध्ये विजापूरला नेली, तेव्हा 400 बैल, 10 हत्ती आणि शेकडो माणसे कामाला लागल्याचे सांगतात. तिची जोडीदार कडक बिजली वाटेत नदीत बुडाल्याची आख्यायिका आहे.

चारशे बैल हा आकडा ऐकायला भारदस्त असला तरी हिशेब वेगळेच सांगतो. बऱ्या रस्त्यावर एक बैलजोडी टनभर ओझे सहज ओढते. त्या मापाने पंचावन्न जोड्या पुरल्या असत्या. उरलेल्यांची ताकद चिखलात, चढात आणि एका दमाने न ओढण्यात गेली असणार. शिवाय उतारावर बैल वाढवून काही साधत नाही. तिथे ओझे मागून आवरावे लागते.

ओझे कसे बसवायचे, हे मात्र साध्या गाडीवानालाही ठाऊक होते. माल पुढे सरकला की गाडी ‘धुरजड’ होते आणि जू बैलांच्या मानेवर बसते. मागे गेला की ‘उलाळ’ होते, धुरा वर उचलला जातो. दोन्हींच्या मधली जागा गाडीवान हाताने दांडी उचलूनच जोखत असे. मोटारीमागे जोडायच्या छोट्या ट्रेलरलाही हाच नियम लागू पडतो: एकूण वजनाचा साधारण 10 ते 15 टक्के भार पुढच्या जोडावर हवा. तो कमी पडला तर वेगात ट्रेलर शेपटासारखा हलू लागतो. ‘उलाळ’ शब्द विस्मरणात गेला, दोष गेला नाही.

विसाव्या शतकात बैलांच्या जागी ट्रॅक्टर आणि ट्रक आले, आणि प्रश्न रस्त्याकडे वळला. एका अ‍ॅक्सलवर फार भार आला की डांबर फुटते, पूल खचतो. भारतात चार टायरांच्या अ‍ॅक्सलची मर्यादा 2018 मध्ये 10.2 वरून 11.5 टन झाली आणि वाहनाचे कमाल एकूण वजन 49 वरून 55 टन. म्हणजे मलिक-ए-मैदान आजही नेहमीच्या ट्रेलरवर नियमात बसत नाही, कारण ट्रेलरचे स्वतःचे वजनही त्यातच मोजले जाते.

त्यापलीकडच्या मालासाठी हायड्रॉलिक अ‍ॅक्सलचे ट्रेलर आले. त्यांत प्रत्येक अ‍ॅक्सल तेलाच्या सिलिंडरवर तोललेला असतो. हे सिलिंडर नळ्यांनी बहुधा तीन गटांत जोडतात. एका गटातील सगळ्यांत दाब सारखा राहतो, त्यामुळे एखादे चाक खड्ड्यात गेले तरी भार शेजारच्या चाकावर कोसळत नाही. गट तीनच का, तर तिपाई कधी डगमगत नाही. मालाचा गुरुत्वमध्य मात्र त्या त्रिकोणाच्या आत पडला पाहिजे. म्हणून यंत्र चढवण्याआधी तो बिंदू काढून खूण करतात, मग साखळ्यांनी चहूबाजूंनी आवळतात. पुढे ओढणाऱ्या ‘पुलर’वर मुद्दाम वजन लादतात, नाहीतर त्याची चाके जागच्या जागी फिरतात. घाटात दुसरा पुलर मागे जोडला जातो, चढताना ढकलायला आणि उतरताना धरून ठेवायला.

जुलै 2019 मध्ये महाराष्ट्रातून निघालेले 70 टनी ऑटोक्लेव्ह (दाब आणि उष्णता देणारी बंद भट्टी) असेच तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राकडे गेले. उंची साडेसात मीटर, चाके 74, सोबत सुमारे 32 माणसे. वाटेत विजेच्या तारा वर उचलाव्या लागल्या, झाडे तोडावी लागली, खड्डे भरावे लागले. टाळेबंदीतही काही काळ गेला. सुमारे 1,700 किलोमीटरचा हा प्रवास जुलै 2020 मध्ये संपला. सरासरी पडली दिवसाला जेमतेम पाच किलोमीटर. बैलगाडी हे अंतर दोनेक तासांत कापते.