देवराष्ट्र्याची छोटी जीप आणि बोलेरो

सांगली - यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव असलेले देवराष्ट्रे (ता. कडेगाव) डिसेंबर २०२१ मध्ये निराळ्याच कारणाने देशभर गाजले. गावातील कारागीर दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातील सुट्या भागांपासून एक छोटी जीप तयार केली. खर्च आला सुमारे साठ हजार रुपये. तिची चित्रफीत पाहून उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ही अदलाबदल प्रत्यक्षात झाली. किमतीचा विचार करता हा सौदा एकतर्फी वाटेल. पण दोन्ही वाहने शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत.

दोघींचे मूळ एकच. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन विलीज जीप ही जेमतेम साडेतीन मीटर लांबीची, उघडी, सुमारे २२०० सीसी आणि ६० अश्वशक्तीची गाडी होती. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी तिची जुळणी भारतात सुरू केली आणि सन २००० मध्ये आलेली बोलेरो त्याच परंपरेतील. लोहार यांनी रूप घेतले तेही विलीजचेच, अगदी डाव्या बाजूच्या स्टिअरिंगसह. त्यामुळे हा व्यवहार घरातल्या घरातच झाला, असे म्हटले तरी चालेल.

देवराष्ट्र्याच्या जीपची खरी गंमत मात्र तिच्या किकमध्ये आहे. दुचाकीप्रमाणे किक मारली, की ती सुरू होते. माणसाच्या पायाची ताकद दुचाकीचे लहान पेट्रोल इंजिन फिरविण्यास पुरते. डिझेल इंजिनात हवा कितीतरी अधिक दाबली जाते. त्यामुळे बोलेरोसारख्या गाडीला स्टार्टर मोटार व दणकट बॅटरी लागते. बोलेरोचे दीड लिटरचे तीन सिलिंडरचे डिझेल इंजिन सुमारे ७५ अश्वशक्ती देते. सात माणसे व सामान घेऊन पसरणी किंवा खंबाटकीचा घाट चढायचा, तर तेवढा जोर हवाच. छोट्या जीपचे काम गावातल्या रस्त्यांपुरते. वजन कमी, म्हणून थोड्या शक्तीतही ती पळते.

खरा पेच कायद्याचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार वाहनाच्या नमुन्याची पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेत चाचणी व्हावी लागते. ब्रेक, दिवे, धूर, सारेच तपासले जाते. डाव्या स्टिअरिंगची गाडी चालवायची, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे तिला ठरावीक सूचक यंत्रणा लागते. लोहार यांची गाडी नियमांत बसत नाही, प्रशासन आज ना उद्या ती रोखेल, हे महिंद्रा यांनीही प्रस्ताव देतानाच स्पष्ट केले होते. बोलेरोला एबीएस आणि पुढे दोन एअरबॅग आहेत. मुलाला घेऊन महामार्गावर जायचे असेल, तर निवड कोणती करावी, याविषयी दुमत होऊ नये.

दुरुस्तीचा प्रश्न आला, की पारडे फिरते. स्वतः जोडलेल्या गाडीचा प्रत्येक सांधा लोहार यांना ठाऊक. बीएस-६ इंजिनातील बिघाड शोधण्यास मात्र सेवा केंद्रातील संगणकच जोडावा लागतो. पाना आणि वेल्डिंगवर भागण्याचे दिवस तेथे उरलेले नाहीत.

या परिसराला असे प्रयोग नवे नाहीत. जवळच्या किर्लोस्करवाडीत विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर घडले. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी तर 'मीरा' या छोट्या मोटारीचे एकामागून एक नमुने तयार केले; १९७० च्या दशकापर्यंत त्यांची धडपड सुरू होती. तरीही मीरा कारखान्यातून बाजारात कधी आली नाही. देवराष्ट्र्याच्या जीपला निदान एक ठिकाण मिळाले: चेन्नईजवळील महिंद्रा रिसर्च व्हॅलीतील वाहनांच्या संग्रहात तिला जागा देण्याचे महिंद्रा यांनी जाहीर केले होते.