‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ जाळ्यात सामील होतो कसा?

विमानतळ, रुग्णालये किंवा मोठ्या कार्यालयांत छताला लावलेली चपटी पांढरी उपकरणे म्हणजे वाय-फायचे ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’. घरातील राउटर एकट्याने काम करतो. येथे मात्र अनेक उपकरणांचा कारभार बहुधा एकच ‘कंट्रोलर’ पाहतो.

अशा उपकरणाला वीजही अनेकदा नेटवर्कच्या तारेतूनच मिळते. सुरू होताच ते डीएचसीपी सर्व्हरकडून आयपी पत्ता घेते. कंट्रोलरचा ठावठिकाणा त्याच उत्तरातून, डीएनएसमधून किंवा स्थानिक जाळ्यात पुकारा करून मिळवता येतो. पुढील संवादासाठी ‘कॅपवॅप’ ही २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली नियमावली आहे. तीनुसार नियंत्रणाचे संदेश यूडीपीच्या ५२४६ क्रमांकाच्या पोर्टवरून, तर वापरकर्त्यांची माहिती ५२४७ वरून जाते.

प्रवेशापूर्वी दोघेही परस्परांची ओळख पटवतात, बहुधा डिजिटल प्रमाणपत्रांच्या आधारे. सॉफ्टवेअरची आवृत्ती जुळत नसल्यास कंट्रोलर योग्य आवृत्ती पाठवतो आणि उपकरण पुन्हा सुरू होते. त्यानंतर त्याला नेटवर्कचे नाव, रेडिओ चॅनेल व सुरक्षेचे नियम मिळतात आणि मगच ते वापरकर्त्यांना सेवा देऊ लागते.

या व्यवस्थेतील नाजूक दुवा म्हणजे प्रमाणपत्राची मुदत. ती संपली किंवा कंट्रोलरचे घड्याळ चुकले, तर निर्दोष उपकरणही परके ठरू शकते. आधीच जोडलेली उपकरणे चालू राहत असल्याने हा दोष लपून राहतो. वीज जाऊन परत आल्यावर मात्र एकही उपकरण जाळ्यात परतत नाही. रुग्णालयासारख्या ठिकाणी हे परवडणारे नाही. म्हणूनच घड्याळ आणि मुदत यांची तपासणी वेळीच करणे हिताचे.