उत्पन्नाचा दाखला: घरात किती येतं, हे ठरवतं कोण?

आजची गोष्ट एका साध्या कागदाची. शाळेत मागतात, कॉलेजात मागतात, सरकारी नोकरीच्या वेळीही लागतो. उत्पन्नाचा दाखला.

माझी आत्या १९६०च्या दशकात दहिसरला शाळेत होती. १९५७मध्ये मुंबईची हद्द दहिसरपर्यंत आली, पण आसपास अजून शेतं होती. गरीब मुलांच्या फीमाफीला तेव्हा ‘नादारी’ म्हणायचे. यशवंतराव चव्हाणांच्या काळात ई.बी.सी. सवलत आली: वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांच्या आत, म्हणजे महिना १००, तर फी माफ. आत्या सांगते, ‘आमच्या हेडमास्तरांना घर माहीत होतं. बाबा भाजी पिकवतात म्हटलं, आणखी काही विचारलं नाही.’

पण शहर वाढलं, तशी ओळख संपली आणि कागद आला.

१९९२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मंडल खटल्यात सांगितलं, ओबीसींमधला पुढारलेला थर आरक्षणातून वगळा. १९९३मध्ये क्रीमी लेयरची मर्यादा १ लाख ठरली, २०१७मध्ये ती ८ लाख झाली. गंमत बघा, या उत्पन्नात पगार आणि शेतीची कमाई धरत नाहीत. नोकरदार आईवडिलांचं त्यांच्या पदावरून ठरतं. म्हणजे ‘उत्पन्न’ हा शब्द एकच, पण मोजायची पट्टी प्रत्येक योजनेत वेगळी.

मग आला शिक्षण हक्क कायदा. २००९चा, लागू १ एप्रिल २०१०पासून. खासगी शाळांत २५ टक्के जागा राखीव. दुर्बल घटकासाठी महाराष्ट्रात मर्यादा वार्षिक १ लाख. महिन्याला ८,३३३ रुपये. मुंबईत!

आमच्या भाचीचा अर्ज भरायचा होता. दाजी रिक्षा चालवतात. पगारदाराकडे सॅलरी स्लिप असते, फॉर्म १६ असतो. मालकानं कर कापला की आकडा आपोआप नोंदला जातो. रिक्षावाल्याकडे काय? स्वयंघोषणापत्र, रेशनकार्ड, तलाठ्याची चौकशी. मग तहसीलदारांचा दाखला. दहिसर बोरिवली तालुक्यात येतं. गॅस आणि कर्जाचा हप्ता वजा जाता दाजींच्या हातात साडेबारा हजार उरतात. वर्षाचे दीड लाख.

फॉर्म भरून देणारा सहज म्हणाला, ‘ऐंशी हजार टाकू का? सगळे टाकतात.’

ताईनं दाजींकडे बघितलं. दाजी म्हणाले, ‘खरं ते लिही.’ अर्ज बसला नाही. भाची आता महापालिकेच्या शाळेत जाते, मजेत आहे. पण ताई अजून विचारते, ‘आपण मूर्ख ठरलो का रे?’

मी तिला नाही म्हणालो. खोटं पडताळणीत सापडलं तर प्रवेश रद्द होतो, हे खरंच. पण माझा राग त्या ऐंशी हजारवाल्यांवर कमी आहे, आणि १ लाखाच्या रेघेवर जास्त. इतकी खाली रेघ ओढली की खरं बोलणाराच बाहेर राहतो.

तुमच्या घरी दाखला काढताना काय झालं? नक्की कळवा. आणि हो, प्रवेशाची घाई सुरू व्हायच्या आधी दाखला काढून ठेवा. भेटू पुढच्या भागात!