नाशिकच्या वाहन-उद्योगातील पुरवठा साखळी आणि इंटरनेट : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

कच्चा माल मिळविण्यापासून तयार वस्तू ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत माल, माहिती आणि पैसा या तिहींचा जो प्रवास घडतो, त्यास पुरवठा साखळी असे म्हणतात. इंटरनेटने या साखळीत क्रांती घडविली, असे विधान व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत सर्रास आढळते. तथापि हे तिन्ही प्रवाह सारख्याच वेगाने बदलले काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात नाशिकच्या वाहन-उद्योगाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली. त्यानंतर नाशिकजवळ प्रथम सातपूर आणि पुढे अंबड ही औद्योगिक क्षेत्रे उभी राहिली. ओझर येथे मिग विमानांचा कारखाना आला, डिझेल इंजिनांची नोझल व इंजेक्टर बनविणारी मायको (२००८ पासून बॉश लिमिटेड) आली, महिंद्र अँड महिंद्र आली. या मोठ्या कारखान्यांच्या आश्रयाने टर्निंग, प्रेसकाम, उष्णतोपचार, प्लेटिंग करणाऱ्या लहान कारखान्यांची वस्ती वाढली. एखादा भाग तयार होण्यापूर्वी अशा तीन-चार शेडमधून फिरून येई.

या काळातील माहितीचे साधन म्हणजे कागद आणि ओळख. महिन्याचे शेड्यूल टंकलिखित स्वरूपात मिळे, ते महिन्याच्या मध्यावर बदले आणि बदल दूरध्वनीवर किंवा पुढे फॅक्सने कळे. खरेदी विभागाच्या बाहेरील बाकावर बसून पुढील महिन्याचा अंदाज घेणे हे लघुउद्योजकाचे नित्याचे काम होते. त्यात वेळ जाई हे खरे. परंतु कोणता भाग कमी लागणार आणि बिल कोणत्या टेबलावर अडले आहे, हेही तेथेच समजत असे. मालाच्या वाटेवर जकात नाका होता. नाशिक महापालिका हद्दीत जकात २०१३ पर्यंत टिकली, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे शेड्यूल संगणकावर आले तरी ट्रक मात्र नाक्यावरच उभा राहत असे, ही विसंगती स्पष्ट होते.

माहितीचा प्रवाह

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना हे क्षेत्र खुले झाले आणि २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक अभिलेखास कायदेशीर मान्यता मिळाली. त्याच वर्षी अमेरिकेत जनरल मोटर्स, फोर्ड आणि डेमलर-क्रायस्लर यांनी ‘कोव्हिसिंट’ ही सामाईक खरेदीपेठ जाहीर केली. तिचा गाजावाजा मोठा झाला; पण अवघ्या चार वर्षांत तिचे भाग विकले गेले. टिकल्या त्या प्रत्येक कंपनीच्या स्वतंत्र व्यवस्था.

नाशिकमध्ये तयार होणारी स्कॉर्पिओ २००२ मध्ये बाजारात आली. या गाडीच्या अनेक जुळण्यांच्या विकासाची जबाबदारी कंपनीने पुरवठादारांवरच सोपविली होती. अशा पद्धतीत आराखडे, त्यांतील दुरुस्त्या आणि मागणीचे वेळापत्रक यांची सतत देवघेव आवश्यक ठरते. सप्लायर पोर्टल ही त्या गरजेची पूर्ती होय. साप्ताहिक, नंतर दैनंदिन मागणी पडद्यावर दिसू लागली. माल निघण्याआधी त्याची सूचना पाठवून बारकोड लावणे बंधनकारक होत गेले.

याचा लाभ निर्विवाद आहे, परंतु तो एकसारखा वाटला गेला नाही. मोठ्या कारखान्याचे भांडार रिकामे झाले, कारण माल लागेल त्या दिवशी येऊ लागला. लागेल त्या दिवशी माल देता यावा म्हणून पुरवठादाराने मात्र आपल्या शेडमध्ये तयार माल ठेवला. साठा नाहीसा न होता त्याची जागा आणि त्यात अडकलेल्या भांडवलाचा मालक बदलला. शिवाय पुरवठादाराची उत्पादनक्षमता, नाकारलेल्या नगांचे प्रमाण, विलंब हे सर्व खरेदीदारास दिसते. उलट दिशेने दिसते ते केवळ शेड्यूल.

ऑनलाइन उलट्या लिलावात हीच विषमता अधिक ठळकपणे जाणवते. नाशिक जिल्ह्यास लिलाव नवा नाही. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याची बोली चढत जाते आणि माल विकणारा शेतकरी समोर उभा असतो. उलट्या लिलावात बोली उतरत जाते, विक्रेत्यांना परस्परांची नावे सहसा कळत नाहीत आणि वर्षानुवर्षांच्या संबंधाला पडद्यावर रकाना नसतो.

पैशाचा प्रवाह

मालाच्या वाटेतील अडथळे राज्याच्या निर्णयांनी दूर झाले : १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आणि २०१८ मध्ये ई-वे बिल आले. पैशाचा प्रवाह मात्र सर्वांत उशिरा हलला. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने लहान पुरवठादारांचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन घातले, विलंबास बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज ठरविले. पण ज्या खरेदीदारावर संपूर्ण कारखाना अवलंबून आहे, त्याच्याविरुद्ध दाद कोण मागणार? ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘समाधान’ पोर्टल सुरू झाल्याने तक्रार घरबसल्या करता येऊ लागली. ही अडचण तशीच राहिली.

त्यामानाने रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शनाखालील ‘ट्रेड्स’ व्यवस्था अधिक परिणामकारक म्हणावी लागेल. २०१७ पासून कार्यान्वित झालेल्या या मंचांवर खरेदीदाराने स्वीकारलेल्या बिलावर बँका बोली लावतात आणि पुरवठादारास मुदतीपूर्वी रक्कम मिळते. व्याजदर ठरतो तो मोठ्या खरेदीदाराच्या पतीवरून, ही तिची खरी खुबी. २०१८ मध्ये पाचशे कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना येथे नोंदणी सक्तीची झाली. २०२४ मध्ये ही मर्यादा अडीचशे कोटींवर आणण्यात आली. नोंदणी सक्तीची असली तरी खरेदीदाराने बिल स्वीकारल्याखेरीज व्यवहार पुढे सरकत नाही. आणि अंबडमधील जो प्लेटिंगवाला दुसऱ्या लघुउद्योजकासाठी जॉबवर्क करतो, त्याचा खरेदीदार या मर्यादेच्या आसपासही नसतो. त्याचे बिल आजही ओळखीवरच वसूल होते.