‘कुठे होतास?’चा संक्षिप्त इतिहास

इतिहास राजेरजवाड्यांचा असतो असं आम्हाला शाळेत शिकवलं. कोण कधी गादीवर बसला आणि कोण कुठल्या लढाईत पडला, याच्या सनावळ्या घोकत आमची पिढी वरच्या वर्गात सरकली. पण तिन्हीसांजेला दारात उभं राहून “कुठे होतास इतका वेळ?” असं विचारणाऱ्या आईबापांचा इतिहास कुणी लिहिल्याचं ऐकिवात नाही. ही उणीव भरून काढण्याचं कार्य अस्मादिकांनी अंगावर घेतलं आहे. साधनं तीनच : एक वाडा, एक मुलगी आणि एक मोबाइल.

पहिला कालखंड वाड्याचा. सदाशिव पेठेतल्या ज्या वाड्यात मी वाढलो, तिथे बावीस बिऱ्हाडं होती. बिऱ्हाडागणिक एक काकू धरली, तरी चव्वेचाळीस डोळे आमच्यावर असत. ही यंत्रणा संपूर्ण फुकट होती. तिला चार्जिंग लागत नसे. उलट वीज गेली की ती जास्तच जोरात चाले, कारण मग सगळ्या काकू ओट्यावर येऊन बसत. मी मॅटिनी टाकून, चेहऱ्यावर अभ्यासिकेतला थकवा आणून घरात पाऊल टाकावं, तर आमचे तीर्थरूप वर्तमानपत्रातून डोकंही न काढता विचारीत, “शेवटची मारामारी बरी होती का?”

पोर कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक, म्हणजेच पोर सुरक्षित, असा या काळाचा सिद्धान्त होता. इतिहासाने मात्र त्याला अपवाद फार आधीच नोंदवून ठेवला होता. १७ ऑगस्ट १६६६ रोजी महाराज आग्र्याहून निसटले, तेव्हा नऊ वर्षांच्या शंभूराजांना त्यांनी मथुरेत विश्वासू माणसांकडे ठेवलं, आणि मुलगा वाटेत दगावला अशी आवई उठवून दिली. पोराचा ठावठिकाणा कुणालाही न कळण्यातच पोराचा जीव होता. पुढे शंभूराजे सुखरूप राजगडी पोचले. तेव्हा ठावठिकाणा ही चीज कुणाच्या हाती पडते त्यावर सगळं अवलंबून आहे, एवढं गाठीला बांधून आपण पुढे जाऊ.

दुसरा कालखंड टेलिफोनचा. टेलिफोन आमचा नव्हे, शेजारच्यांचा. नातेवाइकांच्या वहीत आमच्या नंबरापुढे ‘पी.पी.’ अशी दोन अक्षरं असत. त्यांचा अर्थ, फोन करा, पण शेजाऱ्यांच्या जेवणाच्या वेळा सांभाळून करा. मुलगा हरवला तर काय होतं, ते त्या काळी मुंबई दूरदर्शन दाखवी. ‘आपण यांना पाहिलंत का?’ सुरू झालं, की आमची आई हातातलं लाटणं घेऊन बाहेर येई. एकदा पडद्यावरच्या फोटोकडे बघे, एकदा माझ्याकडे. मला तेव्हा हसू येत असे. आता येत नाही.

३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना मोबाइल लावला आणि देशात नवं युग सुरू झालं. तोवर फोनवरचा पहिला प्रश्न “कोण बोलतंय?” हा असे. आता तो “कुठे आहेस?” असा झाला. त्याच्याबरोबर एक राष्ट्रीय उत्तरही जन्माला आलं : “पोचतोच, पाच मिनिटांत!” हे बोलणारा बहुधा अंघोळीला निघालेला असतो.

या उत्तराचा निकाल लावला तो तिसऱ्या कालखंडाने, म्हणजे उपग्रहांनी. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतल्या दोन शास्त्रज्ञांनी त्याच्या ‘बीप-बीप’मधल्या चढउतारावरून तो आकाशात कुठे आहे, हे जमिनीवर बसल्याबसल्या काढलं. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की हेच गणित उलटं मांडलं तर उपग्रहावरून जमिनीवरचा माणूस हुडकता येईल. १९७८ मध्ये अमेरिकन लष्कराने जी.पी.एस.चा पहिला उपग्रह सोडला. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेलं कोरियन प्रवासी विमान पाडलं गेलं आणि २६९ माणसं गेली. त्यानंतर ही सोय नागरी वापरालाही खुली करू, असं रेगन सरकारने जाहीर केलं. तरी सामान्यांना मिळणारा संकेत, गवळ्याने दुधात पाणी घालावं तसा, मुद्दाम पातळ करून दिला जाई. ते पाणी मे २००० मध्ये बंद झालं.

हे उपग्रह वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांतले निदान चार एका वेळी कामाला लागतात. आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताप्रमाणे त्यांची घड्याळं आपल्या घड्याळांच्या रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे जाऊ पाहतात, तो हिशेबही सांभाळावा लागतो. एवढा विश्वव्यापी खटाटोप होऊन निष्कर्ष काय निघतो? तर आमची कन्या क्लासच्या कोपऱ्यावर पाणीपुरी खात आहे.

२०१७ पासून गूगल मॅप्स आणि व्हॉट्सॲप ही दोन्ही मंडळी घरच्या माणसाचा ठिपका नकाशावर चालताबोलता दाखवू लागली, आणि तेही फुकट. ‘फुकट ते पौष्टिक’ हा आमचा कुलमंत्र असला, तरी इथे जरा जपून खावं. कुटुंबांसाठीच काढलेल्या लाइफ३६० नावाच्या ॲपवरून लोकांचा ठावठिकाणा दलालांना विकला जातो, असं डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकन पत्रकारांनी उघड केलं. त्याच्या पुढच्या महिन्यात कंपनीने नेमका ठावठिकाणा विकणं थांबवत असल्याचं सांगितलं. वाड्यातल्या काकूही बातम्या पुरवीत. पण त्यांचा भाव वाटीभर विरजणाच्या वर कधी गेला नाही.

आमच्या घरात हा ठिपका रीतसर तह होऊन आला. कन्या सतरा वर्षांची, बारावीला. तिने एकच कलम घातलं : “तुम्ही मला बघणार, तर मीही तुम्हाला बघणार.” अशा रीतीने आम्ही तिघंही नकाशावर आलो.

परवा संध्याकाळी क्लास सुटून तास उलटला, तरी कन्या घरी नाही. फोन उचलत नाही. ठिपका सारसबागेत. सौभाग्यवती दर मिनिटाला मोबाइल माझ्या नाकाखाली धरीत होत्या. “अहो, हलत नाहीये तो!” न हलणाऱ्या ठिपक्यात आईबापांना काय काय दिसतं, ते इथे लिहीत नाही. ज्यांना पोरं आहेत त्यांना ठाऊक आहे. मी स्कूटर काढली.

तळ्यातल्या गणपतीच्या जवळच हिरवळीवर कन्या एकटी बसली होती. डोळे लाल. मांडीवर उत्तरपत्रिका. रसायनशास्त्रात शंभरपैकी एकोणीस. ठिपक्याने जागा अगदी अचूक सांगितली होती. चेहरा बघायला मात्र स्कूटर काढून यावं लागलं.

“कुठे होतीस?” हा पिढीजात प्रश्न जिभेवर आला होता, तो गिळला आणि शेजारी बसलो. १९८६ साली अकरावीच्या सहामाहीचा निकाल खिशात घालून मी असाच ओंकारेश्वराच्या घाटावर बसलो होतो. दर्शन घेऊन निघालेल्या आमच्या जिन्याजवळच्या काकूंनी मला पाहिलं. वाड्यातलं सर्वांत जलद वृत्तपत्र त्या. पण त्या दिवशी काही न विचारता त्या पायरीवर टेकल्या, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला, आणि काळोख पडल्यावर मला घरी आणून दारातूनच म्हणाल्या, “मीच नेला होता हो याला मंडईत, पिशव्या उचलायला.” आईने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, “मिळाली का कोथिंबीर?”

ही गोष्ट लग्नानंतर सौ.ला मी निदान पन्नास वेळा ऐकवली आहे. कन्येला त्या संध्याकाळी पहिल्यांदा सांगितली.

“तुला किती होते, बाबा?”

“सतरा.”

ती ओल्या डोळ्यांनीच हसली. “म्हणजे मी पुढे आहे.”

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. कन्येने हात धरला. “आईला आत्ता नको ना सांगू. घरी गेल्यावर मीच सांगते.”

मी आवाज शक्य तितका सहज केला. “काही नाही गं, नोट्सची झेरॉक्स काढायला थांबली होती.”

“सारसबागेत?”

तहातलं ते कलम मी साफ विसरलो होतो. नकाशावर माझाही ठिपका होता.

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग सौ. म्हणाल्या, “दिसताय दोघं, शेजारीशेजारी. बसा सावकाश. आणि येताना मंडईतून कोथिंबीर आणा.”